डाएट चार्ट वाचताना



आयोजकांनी आजच्या व्याख्यानाला नाव दिलं होतं, 'डाएटिंगमुळे मुलींची प्रतिकारशक्ती घटते का?' आम्ही होकार दिला आणि तयारीला बसलो, तर या नावाशीच आमचं भांडण सुरू झालं. 'हो' म्हटलं तर अर्धं खोटं होतं, 'नाही' म्हटलं तरी अर्धं खोटं. आम्ही म्हणजे दोघी. एक आहारशास्त्र शिकवते, दुसरी मराठी शिकवते. आमच्या पायऱ्यांवरच्या चहात हा विषय निघाला आणि मराठीवाली म्हणाली, आपण कवितेची समीक्षा करतो, नाटकाची करतो, दोन ओळींच्या जाहिरातीचीही करतो. मग ज्या मजकुरावर एवढ्या मुली रोज उठून चालतात, त्याची समीक्षा कोण करतं? तो मजकूर म्हणजे डाएट चार्ट. आज आम्ही तो वाचणार आहोत. पुस्तकाचं परीक्षण करतात तसा.

पहिली स्लाइड घ्या.

हा तक्ता आमच्या एका विद्यार्थिनीने दिला. तिला तो वसतिगृहातल्या मैत्रिणीकडून आला, मैत्रिणीला मावसबहिणीकडून, आणि मावसबहिणीला जिममध्ये मिळाला होता. मूळ कोणासाठी लिहिला होता, ते आता कोणालाच ठाऊक नाही. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, लिंबू, चमचाभर मध. आठ वाजता अर्धी वाटी ओट्स, साय काढलेल्या दुधात. अकरा वाजता एक सफरचंद. दुपारी एक फुलका, तेल न लावता, वाटीभर दुधी किंवा पालेभाजी, काकडी. चार वाजता ग्रीन टी आणि मूठभर मखाणे. संध्याकाळी सातच्या आत भाज्यांचं सूप आणि पनीरचे चार तुकडे. खाली जाड अक्षरांत : 'भात, साखर, शेंगदाणे, बटाटा, तूप पूर्ण बंद.' त्याखाली 'भरपूर पाणी प्या' आणि एक हसरा चेहरा.

बरं, समीक्षेची पहिली पायरी म्हणजे मजकुरात काय आहे ते नीट पाहणं. आम्ही तो मोजला. सढळ हाताने मोजूनसुद्धा ८५० कॅलरीच्या पुढे जात नाही. प्रथिनं २५ ग्रॅमच्या आसपास, तीही पनीरच्या कृपेने. लोह सात-आठ मिलिग्रॅमच्या वर जाणं अवघड. आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशी शेजारी ठेवा. बैठं काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीला दिवसाला साधारण १६६० कॅलरी, ५५ किलो वजनाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं आणि २९ मिलिग्रॅम लोह. म्हणजे उष्मांक निम्मे, प्रथिनं जेमतेम निम्म्याच्या वर, आणि लोह पाव.

दुसरी पायरी म्हणजे मजकुरात काय नाही ते पाहणं. आम्हाला खरी गोम इथे वाटते. या तक्त्यात वय नाही. वजन नाही, उंची नाही. हिमोग्लोबिन किती, हे विचारलेलं नाही. पाळी शेवटची कधी आली, हे विचारलेलं नाही. आणि हा तक्ता कधी संपतो ते लिहिलेलं नाही. सुरुवात आहे, 'उद्यापासून'. शेवट नाही.

शेवट नसणं किती मोठी गोष्ट आहे, ते एका जुन्या प्रयोगावरून सांगतो. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. उपासमार झालेल्या युरोपातल्या माणसांना परत जेवूखाऊ कसं घालायचं, हे कळावं म्हणून अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुण पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. सगळे स्वेच्छेने आले होते, लढायला नकार दिलेले लोक होते. त्यांना दिवसाला सरासरी सुमारे १५७० कॅलरी मिळत. होय, आमच्या विद्यार्थिनीच्या तक्त्याच्या जवळजवळ दुप्पट. अर्थात पुरुषांची गरज जास्त, आणि त्यांना दर आठवड्याला मैलोगणती चालायचं होतं, म्हणून आकड्याला आकडा लावून तुलना करू नका. पण काय झालं ते ऐका. वजन सुमारे पाव भागाने उतरलं. उन्हाळ्यातही थंडी वाजायची, नाडी मंदावली, केस गळले, पाय सुजले. काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटातला घास तासभर पुरवायचे. आमच्या वर्गात हा भाग सांगितला की मागच्या बाकावर दोघी-तिघी एकमेकींकडे बघतात. रात्री अकरा वाजता रेसिपीचे व्हिडिओ बघणं काय असतं, ते त्यांना माहीत असतं.

कीज यांच्या त्या माणसांना एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, ती म्हणजे संपण्याची तारीख. शिवाय अवतीभवती डॉक्टर होते, वजन-रक्त तपासलं जात होतं, आणि नंतर हळूहळू खायला घालण्याची योजना होती. आमच्या मुलींच्या तक्त्यात यातलं काहीही नाही. आणखी एक. त्या प्रयोगात एकही बाई नव्हती. पाळी येणाऱ्या शरीराचं काय होतं, हा प्रश्नच तिथे उद्भवला नाही.

आता मराठीवालीचा मुद्दा. आपल्या भाषेत उपवास 'सोडतात' आणि डाएट 'मोडतं'. नीट ऐका हं फरक. उपवासाला सोडण्याची वेळ असते. चंद्रोदय झाला, सोडला. दुसऱ्या दिवशी द्वादशी, पारणं. सोडणं हा त्या विधीचाच भाग, त्यात अपराध नाही. डाएट मात्र कधीच सोडत नाहीत, ते मोडतं, आणि मोडणारी दोषी ठरते. 'आज मी चीट केलं', 'काल पाप झालं, दोन वडापाव खाल्ले'. 'उपवासाला चालतं' आणि 'चालत नाही' या आजीच्या याद्या जशाच्या तशा तक्त्यात उतरल्या आहेत, फक्त साबुदाण्याच्या जागी मखाणे आले. सोडण्याची तिथी तेवढी गळाली.

कृपा करून याचा अर्थ आम्ही आजीच्या उपवासांची आरती ओवाळतो आहोत, असा घेऊ नका. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, श्रावण, नवरात्र, आणि उरलेल्या दिवशी सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी राहिलेलं. ती काही निरोगी बाईची दिनचर्या नव्हती. आम्हाला एवढंच म्हणायचंय की नवा तक्ता कोऱ्या पाटीवर लिहिला जात नाही. कमी खाणाऱ्या बाईचं कौतुक करायची सवय आपल्या घरात आधीपासून आहे. म्हणूनच मुलगी एक फुलका खाऊन उठली तर कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

पाटी कोरी नाही हे शरीराच्या बाबतीतही खरं आहे. २०१९ ते २१मध्ये झालेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, पाचवी फेरी. १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय. १५ ते १९ वयाच्या मुली वेगळ्या काढल्या तर ५९ टक्के. त्याच पाहणीत सुमारे १९ टक्के स्त्रियांचं वजन उंचीच्या मानाने कमी, आणि २४ टक्क्यांचं जास्त. हे दोन्ही आकडे एकाच देशातले, कित्येकदा एकाच गल्लीतले. तक्ता लिहिणाऱ्याला फक्त शेवटचा आकडा दिसतो. आणि वजन जास्त असलेली मुलगी रक्ताने भरलेली असते, हाही एक गैरसमज आहे. जाड मुलीचं फेरिटिन, म्हणजे शरीरात साठवलेल्या लोहाची मोजणी, तळाला गेलेली असू शकते.

लोहाचा हिशेब एकदा मांडूनच दाखवतो, कारण तो फार सोपा आहे आणि कोणी मांडत नाही. पाळीत साधारण ३५ मिलिलिटर रक्त जातं असं धरा. त्यातून सुमारे १५ मिलिग्रॅम लोह गेलं. त्वचा, आतडं यांतून रोज थोडं थोडं जातं, ते महिन्याला २३-२४ मिलिग्रॅम. एकूण खर्च ३९ च्या घरात. आता जमा बघा. या तक्त्यातलं लोह रोज सात मिलिग्रॅम, सगळं वनस्पतीतलं, त्यातलं शोषलं जातं साधारण आठ टक्के. म्हणजे रोज अर्धा मिलिग्रॅमच्या किंचित वर, महिन्याला १७. दर महिन्याला २२ची तूट. लोह कमी पडायला लागलं की आतडं जास्त शोषून घ्यायला लागतं, त्यामुळे प्रत्यक्षात तूट इतकी मोठी राहत नाही. पण तूट ती तूटच. वर ग्रीन टी, तोही जेवणाला लागून. चहातली टॅनिनं लोह धरून ठेवतात आणि त्यातलं बरंचसं शोषलं न जाता बाहेर पडतं.

काय कमी पडतंय हा प्रश्न मुंबईत फार पूर्वी विचारला गेलाय. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांना एक भयंकर रक्तक्षय होत होता, त्याचं कारण शोधायला. त्यांनी बायकांच्या घरी शिजणाऱ्या अन्नाचा अभ्यास केला, तसाच आहार प्राण्यांना देऊन पाहिला, आणि शेवटी मार्माइट नावाच्या यीस्टच्या अर्काने हा आजार हटतो हे दाखवलं. हे १९३१चं. त्यातला घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. १९४१मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. आम्हाला विल्सबाईंचं मोठेपण यात वाटतं की 'या बायका गरीब आहेत, कमी खातात' एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. ताटातली नेमकी कोणती गोष्ट गायब आहे, हे त्यांनी विचारलं. गिरणगावातल्या त्या बायकांना ताट निवडता येत नव्हतं. आजची मुलगी कपाटात सगळं असताना निवडीने तसंच ताट वाढून घेते. निवड हा शब्द मात्र आम्ही जपून वापरतो. लग्नाचं बघायला आलेल्यांनी 'जरा भरलेली आहे' म्हटल्यावर सुरू झालेल्या डाएटला निवड म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा.

आता प्रतिकारशक्ती. या शब्दाबद्दल आमची तक्रार आहे. 'शक्ती' म्हटलं की ती बॅटरीसारखी चढते-उतरते असं वाटतं. कोविडच्या काळात सगळा महाराष्ट्र काढे पिऊन ती चार्ज करत होता. (हशा) प्रत्यक्षात ती एक शक्ती नाही. निरनिराळ्या पेशींची, प्रथिनांची, ग्रंथींची ती एक व्यवस्था आहे, आणि तिच्या काही भागांना दर क्षणी नवीन माल लागतो. जंतू आला की त्याला ओळखणारी लिम्फोसाइट पेशी एकाची दोन, दोनाची चार अशी वेगाने वाढते. नवी पेशी घडवायला प्रथिनं लागतात. तिचं डीएनए उतरवून काढायला फॉलेट, बी-१२, लोह, जस्त लागतं. तोंडाच्या, घशाच्या अस्तरावर जे रक्षक प्रथिन असतं, ते रोज नव्याने तयार व्हावं लागतं. माल नाही तर काम अडतं. इथपर्यंत कोणीही समजू शकतं.

पण याच्या पुढे एक थर आहे. नुसता माल कमी पडतो एवढंच नाही, शरीर स्वतःहून खर्च आवरतं. १९९४मध्ये लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. चरबीच्या पेशींतून ते येतं आणि मेंदूला कळवतं की कोठारात किती शिल्लक आहे. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, हे भुकेचं संप्रेरक. १९९८मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की उंदरांना उपाशी ठेवलं की त्यांच्या टी-पेशींचं काम मंदावतं, आणि उपाशी असतानाच बाहेरून लेप्टिन दिलं तर ते बरंचसं परत येतं. म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशीसुद्धा कोठाराचा निरोप ऐकत असतात. घरात पगार थकला की आई आधी काय बंद करते? वर्तमानपत्र, मग दूध अर्धा लिटर, मग रंगकाम पुढच्या वर्षी. शरीरही असंच करतं. वाढ थांबवतं, हातपाय गार ठेवतं, थायरॉइडचं काम हळू करतं. आणि मूल होण्याची तयारी तर पहिल्या फटक्यात पुढे ढकलतं.

त्याचं मोजमाप झालेलं आहे. ॲन लाउक्स या अमेरिकन संशोधिकेने २००३ साली नियमित पाळी येणाऱ्या तरुण स्त्रियांवर पाच-पाच दिवसांचे प्रयोग प्रसिद्ध केले. व्यायामात गेलेली ऊर्जा वजा करून, चरबी सोडून उरलेल्या शरीराच्या दर किलोमागे ३० कॅलरीच्या खाली गेलं की पाळी चालवणाऱ्या संप्रेरकाचे ठोके बिघडायला लागतात. पाच दिवसांत. ही रेषा प्रत्येकीत नेमकी तिथेच असते असं नाही, काहींची वर, काहींची खाली. पण आपल्या तक्त्याला ती लावून बघा. ५० किलोची मुलगी, चरबी वगळून ३७ किलो धरू. ३० गुणिले ३७, म्हणजे ११०० च्या आसपास, तेही व्यायाम वजा जाता. तक्ता देतो ८५०. संध्याकाळच्या झुंबाचे २०० गेले, उरले ६५०. किलोमागे १८सुद्धा नाहीत.

म्हणून आहारशास्त्रवाली वर्गात नेहमी म्हणते, वजनकाटा बाजूला ठेवा, पाळीचं कॅलेंडर काढा. सर्दी किती वेळा झाली यापेक्षा ते कॅलेंडर लवकर बोलतं.

इथे आमच्याविरुद्ध जाणारा पुरावा मांडतो. न मांडणं अप्रामाणिक होईल. अमेरिकेत 'कॅलरी' याच नावाने ओळखला गेलेला दोन वर्षांचा एक प्रयोग झाला. लठ्ठ नसलेल्या प्रौढ माणसांनी खाणं पाव भागाने कमी करायचं होतं. प्रत्यक्षात जमलं १२ टक्क्यांच्या आसपास. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं की या लोकांच्या थायमस ग्रंथीचं काम सुधारलं होतं. थायमस म्हणजे टी-पेशींची शाळा, छातीत असते, वयाबरोबर तिच्यात चरबी भरत जाते. कमी खाणाऱ्यांत ती चरबी कमी झाली. मग? 'कमी खाल्लं की प्रतिकारशक्ती घटते' हे वाक्य पडलं की नाही? पडलं. पण त्या लोकांनी १२ टक्के कमी केलं होतं, निम्मं नव्हे. त्यांना जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम दिलं जात होतं, वारंवार तपासण्या होत होत्या. आणि ज्यांचं वजन खरोखर जास्त आहे, त्यांनी ते सावकाश, नीट खाऊन उतरवलं तर त्यांच्या शरीराला फायदाच होतो. लठ्ठपणात कोविड जास्त गंभीर झाला, हे आपण पाहिलंय. तेव्हा 'डाएट वाईट' असली घोषणा घेऊन आम्ही इथे आलेलो नाही.

उलट, डाएटविरोधी लेखनातही आम्हाला घाई दिसते. वजन वारंवार कमी-जास्त करणाऱ्या स्त्रियांत 'नॅचरल किलर' पेशींचं काम कमी आढळलं, असा २००४चा एक अभ्यास तरुण मुलींना घाबरवायला हमखास वापरला जातो. तो अभ्यास पाळी गेलेल्या, वजन जास्त असलेल्या स्त्रियांचा होता, आणि वजनाचा इतिहास त्यांनीच आठवून सांगितलेला. वीस वर्षांच्या मुलीला तो जसाच्या तसा लावता येत नाही. आम्ही जिमवाल्याला नावं ठेवायची आणि स्वतः तेच करायचं, हे बरं नाही.

आणखी एक अवघड गोष्ट. मुली आम्हाला सांगतात, 'मॅडम, मी दोन वर्षं डाएटवर आहे, साधी सर्दी नाही झाली.' खरं असू शकतं. कडाक्याचं उपाशीपण असलेल्या, ॲनोरेक्सियाच्या रुग्णांत डॉक्टरांना हे दिसत आलंय की संसर्ग असतो पण ताप चढत नाही. ताप आणायलाही ऊर्जा लागते ना. तुमच्यापैकी बहुतेकींची अवस्था तिथपर्यंत गेलेली नसते, नसावी. पण 'आजारी पडले नाही' हा पुरावा किती कच्चा आहे, एवढं त्यातून कळतं.

मग आपल्या देशात या विषयाचं खरं टोक कुठे आहे? आमच्या मते क्षयरोगात. सर्दी-खोकल्याच्या गप्पांत ते हरवतं. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत क्षयाच्या जंतूचा संसर्ग आढळला. आजार नव्हे, संसर्ग. जंतू आत झोपलेला असतो आणि शरीर त्याला भिंती घालून ठेवतं. त्या भिंती राखायचं काम टी-पेशींचं. आणि भारतात भिंत पडण्याचं मोठं कारण कुपोषण आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी याची परीक्षा केली, २०२३मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये आली. क्षयरुग्णाच्या घरातल्या बाकीच्या माणसांना सहा महिने शिधा आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत फक्त रुग्णालाच शिधा मिळाला, त्यांच्या तुलनेत या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. लस नाही, नवं औषध नाही. शिधा काय होता सांगू? माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ.

वरण-भात. आमच्या तक्त्यात 'पूर्ण बंद'च्या यादीत भात पहिला आहे, आणि डाळीचं तर नावच नाही.

हा अभ्यास डाएट करणाऱ्या कॉलेजकन्यांवर झालेला नाही, हे आत्ताच म्हटल्याप्रमाणे आम्हालाही लागू करायला हवं. झारखंडमधली ती घरं गरिबीने उपाशी होती. पण जंतूला उपाशीपणाचं कारण कळत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत चौघी, खिडकी एक, परीक्षेचं जागरण, आणि ४२ किलोवर आलेली एक मुलगी. आमची काळजी तिथे आहे.

जिने हा तक्ता दिला, तिची गोष्ट थोडक्यात सांगतो, तिच्या परवानगीने. सात महिने हे खाणं. वजन नऊ किलोंनी उतरलं. घरी सगळे खूश, काकूने तर स्टेटसला फोटो ठेवला. पाचव्या महिन्यापासून पाळी बंद. तोंड सारखं येत होतं, केसांचा पुंजका फणीत. एका दवाखान्यात गेली तर तिथे लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि जाता जाता 'वजन मात्र छान मेन्टेन केलंय' अशी शाबासकी. काय खातेस, हे कोणी विचारलं नाही. पाळीचंही नाही. तीही बोलली नाही, कारण पाळी नाही म्हणजे सुट्टीच असं तिला वाटत होतं. लोहाच्या हिशेबात खरंच एक खर्च वाचत होता म्हणा. पण त्याच काळात हाडं भरण्याचं वय निघून जात होतं, आणि पाळीबरोबर इस्ट्रोजेन गेलं की हाडांची जमा थांबते. ते विशीनंतर पूर्ण भरून काढता येईलच असं नाही.

आपल्याकडच्या आहारचर्चेबद्दल एक शब्द बोलून संपवतो. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून निघालेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेलेला दोनदाच जेवण्याचा मार्ग, आणि दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकरांचं थोड्या थोड्या वेळाने, घरचं, आपल्या मातीतलं खा हे सांगणं. या दोन्हींवर महाराष्ट्रात कट्ट्यांपासून वर्तमानपत्रांपर्यंत वाद झाले. आम्ही त्यात पडत नाही. आमचं निरीक्षण वेगळं आहे. तो सगळा वाद पोट, साखर आणि इन्शुलिनचा होता, म्हणजे चाळिशीच्या माणसाचा. विशीतली पाळी येणारी, रक्त कमी असलेली मुलगी त्या चर्चेच्या मध्यभागी कधी आलीच नाही. आणि सल्ला तिच्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा निम्मा भाग सांडलेला असतो. दोन वेळा पोटभर जेवा, यातलं 'दोन वेळा' पोहोचलं, 'पोटभर' वाटेत पडलं. घरचं खा, यातलं 'थोडं थोडं' पोहोचलं, तूप-भात पडला.

तेव्हा कोणीही तक्ता हातात दिला तर आधी चार रिकाम्या जागा त्याच्यावर पेनने काढा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. शेवटच्या पाळीची तारीख. दिवसाचे प्रथिनांचे ग्रॅम. आणि हे कधी संपणार, ती तारीख. लिहून देणाऱ्याला त्या भरता आल्या नाहीत, तर तक्ता परत करा. तीन महिने पाळी नसेल तर गोळ्यांच्या आधी डॉक्टरांना खाण्याबद्दल आपणहून सांगा, ते विचारायची वाट बघू नका.

आमची मुलगी आता दुपारी दोन चपात्या, वरण, थोडा भात, लिंबू पिळून उसळ, असं जेवते. मेसच्या काकूंनी तिला न सांगता डब्यात शेंगदाण्याची चटणी घालायला सुरुवात केली. पाळी यायला आणखी चार महिने लागले. वजनातले चार किलो परत आले, त्याचं तिला वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं काही आमच्या व्याख्यानाने गेलेलं नाही.

एक चिठ्ठी आली आहे. 'मग ग्रीन टी प्यायचा की नाही?' प्या की. जेवणानंतर तासाभराने.